सहाणेचंही नाव घ्या

नोव्हेंबर उजाडला की आमच्या गल्लीत पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांची गडबड सुरू होते. मी यंत्रमाग कारखान्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहितो, त्यामुळे गल्लीतले फॉर्म, पासबुकं, बँकेच्या चिठ्ठ्या आपसूक माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी शेजारच्या अक्का आल्या, पण हातात कागद नव्हता. त्यांनी उजवा अंगठाच माझ्यापुढे धरला. "सर, ह्याच्यात रेघा दिसतात का बघा की जरा."

चष्मा चढवून मी तो अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. पेर गुळगुळीत होतं, नदीतल्या गोट्यासारखं. नखाच्या कडेला विडीच्या, म्हणजे तेंदूच्या पानाचा तपकिरी रंग कायमचा मुरलेला. कातडीवर आडव्या बारीक चिरा होत्या, तर्जनीच्या बाजूला जोंधळ्याच्या दाण्याएवढा घट्टा होता. पण ज्या वळणदार रेघांना आपण ठसा म्हणतो, त्या मला दिसल्या नाहीत.

अक्का आधी ऑनलाइनच्या दुकानात जाऊन आल्या होत्या. तिथल्या पोरानं दहाही बोटं यंत्रावर ठेवून पाहिली, ओल्या फडक्यानं पुसून पाहिली, खोबरेल तेलाचा हात फिरवून पाहिला. यंत्रानं एकही बोट ओळखलं नाही. पोरगा भला होता. शेवटी म्हणाला, "आजी, तुमचे ठसे झिजलेत." दवाखान्यातून आल्यावर दुखण्याचं नाव सांगावं, तसं अक्कांनी मला सांगितलं, "झिजलेत म्हणतोय."

ह्या एका शब्दानं मला तेव्हापासून सोडलेलं नाही. आपण मराठी माणसं 'झिजणं' हा शब्द फार सहज वापरतो, आदरानं वापरतो, गळ्यात हार घालावा तसा वापरतो. 'झिजवणं' म्हणायची वेळ आली की मात्र गप्प बसतो. ह्या गप्प बसण्यानं माणसांचं खरोखरीचं नुकसान होतं, पैशांचं आणि हक्काचंही, असं माझं म्हणणं आहे.

आधी शब्दाकडेच बघू. एखादी वस्तू हळूहळू कमी होत जाते, ह्यासाठी आपल्या भाषेत एक शब्द नाही, डझनभर आहेत, आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. कापड विरतं. माती धुपते. लोखंड गंजतं. लाकूड किडतं. धार बोथट होते, भिंत ढासळते, माणूस आजारानं खंगतो. सोलापुरात कापडाचं सांगायला नको. आमच्याकडे चादर आधी मधोमध विरते, उभे आणि आडवे धागे वेगळे दिसायला लागतात, मग ती पोतेऱ्याला जाते. चादर झिजली असं कुणी म्हणत नाही. झिजतो तो मागाचा पिकर. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला इकडून तिकडे फटका देणारा हा तुकडा. मिनिटाला कितीतरी फटके मारून त्याला खड्डा पडतो, आणि खड्डा खोल झाला की धोटा वाकडा सुटतो, कधी उडून शेजारच्या माणसाला लागतो. म्हणून जाणता कामगार पिकर वेळेत बदलायला लावतो. झिजते ती चपलेची टाच, विहिरीच्या काठावरचा दगड, जात्याची तळी, उंबरठा.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. झिजायला दुसरी वस्तू लागते. विरणं आपलं आपण होऊ शकतं, गंजणं नुसत्या हवेनं आणि ओलीनं होतं, पण झिजण्यासाठी घासणारं काहीतरी समोर असावंच लागतं. एकट्यानं कुणी झिजत नाही. म्हणून 'झिजलं' असं ऐकलं की पुढचा प्रश्न ओठावर यायला हवा: कशावर?

तो येत नाही, ह्याचं एक कारण शब्दाच्या कुळातच आहे. संस्कृतात 'क्षि' धातू आहे, त्याचं 'क्षीयते' हे रूप कर्मणी आहे. म्हणजे कमी केलं जातं, ते. प्राकृतात त्याचं 'झिज्जइ' झालं आणि तिथून आपलं 'झिजणे' आलं. क्षय, क्षीण ही ह्याच घरातली भावंडं. म्हणजे जन्मापासूनच ह्या शब्दात कर्ता पडद्याआड आहे. कुणीतरी कमी करतंय, पण वाक्यात फक्त कमी होणारा दिसतो. हजार-दीड हजार वर्षांच्या वापरानं 'केलं जातं' ही छटाही उडाली आणि 'आपोआप होतं' एवढंच उरलं. आता 'झिजणे' हे 'पिकणे', 'वाळणे' ह्यांसारखं वाटतं. जणू ऋतू आला आणि झालं.

प्रयोजक रूप आपल्याकडे आहे की. 'झिजवणे'. पण ते कुठे वापरतो ते तपासा. "पेन्शनसाठी त्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले." "पोरीच्या लग्नासाठी बापाने जोडे झिजवले." "तिने संसारासाठी हाडं झिजवली." तिन्ही वाक्यांत कर्ता कोण आहे? ज्याचं नुकसान झालं, तोच. म्हातारा सतरा खेपा घालतो, त्याचे गुडघे जातात, पण वाक्य म्हणतं की त्यानं उंबरठा झिजवला. नुकसान जणू कचेरीचं झालं. बाईची हाडं तिची तिनंच झिजवली. "कचेरीने म्हाताऱ्याला झिजवलं" हे वाक्य व्याकरणात अगदी बरोबर आहे, आणि तरी ते कानाला खटकतं, कारण आपण ते कधी बोललेलोच नाही. 'पिळवणूक' म्हणतो, 'शोषण' म्हणतो. ते मोर्च्यातले शब्द आहेत, आणि मोर्च्यात त्यांची गरज असते. पण पिळणं म्हटलं की जोर दिसतो, मूठ दिसते. रोज थोडं, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं थोडं, पस्तीस वर्षं, ह्यासाठी 'झिजवणं' हाच नेमका शब्द आहे, आणि तोच आपण बाजूला ठेवला आहे.

आता चंदनाकडे यावं लागेल, कारण ह्या शब्दाला जी पूज्य जागा मिळाली ती चंदनामुळे. समर्थांच्या मनाच्या श्लोकांत आहे, "मना चंदनाचे परी त्वां झिजावें, परी अंतरीं सज्जना नीववावें." निवृत्तीच्या समारंभात, श्रद्धांजलीच्या सभेत, महिलादिनाच्या सत्कारात हे ऐकलं नाही असा मराठी माणूस नसेल. ओळ सुंदर आहे. पण ती कुणाला उद्देशून आहे हे आपण विसरलो. समर्थ 'मना' म्हणतात. आपल्या स्वतःच्या मनाला ते सांगताहेत की तू झीज. शेजारणीला सांगत नाहीत, गड्याला सांगत नाहीत. आपण त्या ओळीचं तोंड फिरवलं आणि ती दुसऱ्यांना लावायला लागलो. आई चंदनासारखी झिजली. बाई शाळेसाठी झिजल्या. कामगार झिजला म्हणून गिरणी चालली. आणि बोलणारा बहुतेक वेळा तो असतो, ज्याच्या कपाळी ते गंध लागलं.

शिवाय चंदन कशावर झिजतं? सहाणेवर. देवघरात सहाण असते, ती दगडाची असते, जड असते, आणि तिचं नाव कुठल्याही सत्काराच्या भाषणात येत नाही. खोड हातात धरून फिरवणारा हातही येत नाही.

कुणी म्हणेल, स्वखुशीनं झिजणारी माणसं नसतात का? असतात, आणि आमच्याच गावात झाली. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. 1910 चा जन्म, 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेले. बाकीचे परतले, हे तिथेच राहिले, रात्रंदिवस जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 च्या डिसेंबरात अपस्माराच्या झटक्यानं गेले, वयाच्या 32 व्या वर्षी. हा माणूस झिजला असं मी मान खाली घालून म्हणेन. त्यांना परतायची वाट मोकळी होती आणि ते परतले नाहीत. अक्कांना दुसरी वाट कोणती होती? ज्याला निवड होती त्याचा शब्द, ज्याला निवड नव्हती त्याला लावला की पहिल्याचा मान कमी होतो आणि दुसऱ्याचा हक्क बुडतो.

अक्कांची गोष्ट आमच्या पूर्व भागात घरोघरची आहे. 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, जी आज आम्ही जुनी मिल म्हणून ओळखतो. गिरण्या वाढल्या, हातमाग वाढले, तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं येत राहिली. गिरण्या बंद पडल्या, हातमागाचे यंत्रमाग झाले. घरातला पुरुष मागावर आणि बाई विड्यांवर, ही वाटणी आमच्याकडे इतकी मुरली की तिच्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटत नाही. अक्का दहाव्या वर्षी आईशेजारी बसून पान कापायला शिकल्या, लग्न होऊन आल्या त्या सुपासकट.

विडी वळताना पाहिली असेल तर कळेल. पान आदल्या दिवशी भिजवायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं, म्हणजे ते मऊ पडतं. पत्र्याच्या मापावर धरून कात्रीनं कापायचं, शिरा काढायच्या. मग सूप मांडीवर, त्यात तंबाखू, पानात चिमूट पसरायची आणि अंगठा नि तर्जनी ह्यांच्या मध्ये ते फिरवायचं. तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सगळा जोर अंगठ्याच्या पेरावर. वाऱ्यानं तंबाखू उडू नये म्हणून पंखा लावायचा नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यातसुद्धा. मी हिशेबाचा माणूस, मला आकड्यांशिवाय पटत नाही. दिवसाला हजार विड्या धरा, वर्षाला तीनशे दिवस, पस्तीस वर्षं. एक कोटी पाच लाख. एवढ्या वेळा ते पान त्या अंगठ्यावरून फिरलं. झिजायला समोर काय होतं, ह्याचं उत्तर एवढं सरळ आहे.

कायद्यानं ह्या बाईकडे कधी पाहिलंच नाही असं नाही, आणि ते मी लपवणार नाही. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं. ही मोठी गोष्ट होती. घरात होणारं काम म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत निदान कागदावर तरी मोडली. 1976 साली विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला, त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. भविष्य निर्वाह निधी आला, पेन्शन आली. मी त्या उपकराकडे नेहमी झीज भरून काढणारा पैसा म्हणून पाहत आलो. ज्या वस्तूनं बाई झिजते, त्या वस्तूच्या विक्रीतूनच थोडं तिच्याकडे परत. 2017 साली जीएसटी आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. कराची रचना सुटसुटीत झाली, हे खरं. पण त्या विडीपासून त्या अंगठ्यापर्यंत जाणारा सरळ दोर तुटला.

आणि आता माझ्या धंद्यातला शब्द, ज्याच्यामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं. घसारा. घासण्याच्या कुळातला शब्द, म्हणजे झिजेचा सख्खा भाऊ. तीस वर्षं मी तो दर मार्चअखेर लिहितो. कारखानदारानं एक लाखाचा माग घेतला, तर आयकराच्या हिशेबात साधारण यंत्राला दरसाल 15 टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी 15,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 12,750, असं पुढे. एवढी रक्कम नफ्यातून वजा होते आणि तिच्यावर कर पडत नाही. का? कारण कायदा मान्य करतो की माग वापरला म्हणजे झिजणार, ती झीज म्हणजे धंद्याचा खर्च, आणि उद्या नवा माग घ्यायचा तर मालकाच्या हाती काही राहायला हवं. हे योग्यच आहे. मी ते कुठल्याही अधिकाऱ्यापुढे ठामपणे सांगेन. कुणी मालकाला म्हणत नाही की तुमचा माग चंदनासारखा झिजला, त्याला शाल-श्रीफळ देऊ. त्याच्या झिजेला दर आहे, रकाना आहे, वर्ष आहे.

मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाला, आणि विडीवर बसलेल्या बाईच्या अंगठ्याला, पाठीला, डोळ्यांना तसा रकाना नाही. अपघाताला आहे. बोट पट्ट्यात गेलं तर तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात, फॉर्ममध्ये तशी जागा असते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायातून होणाऱ्या आजारांची यादीही होती आणि कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा आजार तिच्यात होता. पण तो अमुक कारखान्यातच झाला, हे दहा कारखाने बदललेल्या कामगारानं कसं दाखवायचं? झिजेला तारीख नसते. ती कुठल्या मंगळवारी झाली हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'वयोमानानुसार झीज' असं येतं. डॉक्टरांचा दोष नाही, त्यांना गुडघा दिसतो. पण त्या दोन शब्दांनी सगळं उत्तरदायित्व वयाच्या अंगावर जातं. माझी बहीण आणि अक्का एका वयाच्या आहेत. बहिणीचा अंगठा यंत्राला पहिल्या खेपेस ओळखू येतो.

हयातीच्या दाखल्याकडे परत येतो. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना 1,000 रुपये ठरली ती सप्टेंबर 2014 मध्ये, आणि त्यानंतरची दहा वर्षं ती तेवढीच राहिली. 2014 चे हजार आणि दहा वर्षांनंतरचे हजार, आकडा तोच, किराणा कितीतरी कमी. पैशाचीही झीज होते, आणि तिथेही आपण 'महागाई वाढली' म्हणतो, 'पेन्शन झिजवली' म्हणत नाही. ते हजार-बाराशे मिळवायला अक्कांनी दर वर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवायचं, आणि ते ज्या अंगठ्यानं दाखवायचं, तो अंगठा त्या पेन्शनच्या नोकरीनंच पुसला आहे. हे मी जेव्हा नीट उलगडून पाहिलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. इथे 'ठसे झिजलेत' असं सांगून बाईला परत पाठवणं म्हणजे तिच्या कष्टाचा पुरावा तिच्याच विरुद्ध वापरणं आहे.

ह्यावर मिळणारं उत्तर मला पाठ आहे: पर्याय आहेत. आहेत, खरंच आहेत. 2017 च्या ऑक्टोबरात आधार प्राधिकरणानं परिपत्रक काढून सांगितलं आहे की बोट जुळत नाही म्हणून कुणाला धान्य किंवा लाभ नाकारू नका. डोळ्याची बुबुळं घ्या, मोबाइलवर ओटीपी पाठवा, काहीच जमलं नाही तर वहीत नोंद करून द्या. पेन्शनच्या दाखल्यासाठी 2022 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही झाली आहे. पण ज्या दुकानात अक्का गेल्या तिथे बुबुळाचं यंत्र नव्हतं, अक्कांचा मोबाइल साधा होता, आणि आधारला जोडलेला नंबर मुलाच्या जुन्या सिमचा, बंद पडलेला. पर्याय कागदावर असणं आणि खिडकीत असणं ह्यांत जे अंतर आहे ते कोण चालतं? ज्याचे गुडघे गेले आहेत तो. आणि मग आपणच म्हणतो, बाईनं उंबरठे झिजवले.

माझं म्हणणं फार मोठं नाही. ज्या गावात हजारो हात विडीवर, मागावर, बांधकामावर झिजले आहेत, त्या गावात झिजलेला अंगठा हा अपवाद धरून चालणार नाही. तो नेहमीचाच मानायला हवा. बोट एकदा, दोनदा जुळलं नाही की तिसऱ्यांदा घासायला न लावता त्याच खुर्चीवर, त्याच वेळी, चेहरा किंवा बुबुळ घ्यायचं, ही त्या खिडकीवरच्या माणसाची जबाबदारी असावी. म्हातारीनं शोधत फिरायची नव्हे. तेही नाही जमलं तर वहीत नोंद, आणि त्या महिन्याची पेन्शन थांबणार नाही. नोव्हेंबरात एक माणूस यंत्र घेऊन कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, पूर्व भागातल्या गल्ल्यांत फिरला तर किती खर्च येईल? मतदानाच्या वेळी घरोघरी जाता येतं, तसंच हे. ह्याच्या पुढचं मागणं असं की घरी काम करणाऱ्या बाईच्या शरीराच्या झिजेला कायद्यात रकाना हवा. तारीख मागू नका, वर्षं मोजा. किती वर्षं, कुठलं काम, एवढं पासबुकावर असतंच. त्यावरून दर ठरवता येतो. मागाचा ठरवता आला, तर माणसाचा का नाही?

एक आक्षेप मला खरोखर अडवतो, तो टाळत नाही. विडी हीच मुळात माणसं मारणारी वस्तू, मग त्या धंद्यातल्या बाईसाठी एवढा खटाटोप कशाला, धंदाच बंद होऊ द्या. विडी कमी व्हावी असं मलाही वाटतं, मी तिच्या बाजूनं बोलत नाही. पण धंदा आटत जाईल तसतसा हा हिशेब जास्त निकडीचा होईल. कारखाना बंद झाला की मालक यंत्रं विकून मोकळा होतो, त्यानं घसारा आधीच वजा करून घेतलेला असतो. बाईकडे मात्र झिजलेला अंगठा राहतो. यंत्रमागवाल्यांचंही आमच्याकडे बरं चाललेलं नाही, हे मी त्यांच्याच वह्यांत रोज पाहतो. छोटा कारखानदारही सूत आणि वीजबिल ह्यांच्यामध्ये घासला जातोय. त्यानं कामगाराची झीज खोटी ठरत नाही.

आणि झीज भरून येत नाही, असंही नाही. आमच्या लहानपणी वडाराच्या बायका गल्लीतून ओरडत जायच्या, पाट्याला, जात्याला टाकी लावून घ्या. पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, घसरतो. मग त्या अंगणात बसायच्या, छिन्नीनं टकटक करत पाट्यावर बारीक खाचा पाडायच्या, आणि पाटा पुन्हा खरबरीत व्हायचा. आई त्यांना धान्य आणि पैसे द्यायची. घरातला दगड झिजतो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो टाकवायचा खर्च घराचा असतो, हेही ठाऊक होतं. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी हेच मागितलं तेव्हा मिळालंही. कुंभारीत त्यांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि तिच्यामागून असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहायला लागलं, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला मिळाल्या. ती घरं चंदन म्हणून सत्कार स्वीकारल्यानं आली नाहीत. वर्षानुवर्षं हिशेब मागितल्यानं आली.

बोटांचंही तसंच आहे. ठशाची नक्षी वरच्या कातडीखालच्या थरात असते. वरच्या रेघा घासून गेल्या तरी घासणं थांबलं की काही आठवड्यांत कातडी खालून तीच नक्षी घेऊन वर येते. वय झालेलं असेल तर पुसट येते, पण येते. हे मी वाचलं होतं, पाहिलं अक्कांमुळे.

त्यांचा दाखला त्या नोव्हेंबरात झाला नाही. मी सांगितलेल्या दुसऱ्या ठिकाणी मुलानं न्यायचं ठरवलं, त्याची सुट्टी जमेना, पेन्शन थांबली. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा झाल्यावर त्या लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेल्या आणि दोन महिने राहिल्या. बाळाला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळंतिणीचं बघायचं. सूप नव्हतं, कात्री नव्हती. मार्चात परत आल्या तेव्हा मी स्वतः त्यांना घेऊन गेलो. पहिल्यांदा नाही उमटला. दुसऱ्यांदा ठेवला आणि यंत्राचा हिरवा दिवा लागला. अक्का कितीतरी वेळ त्या दिव्याकडे बघत होत्या. मग अंगठा उलटा करून त्यांनी स्वतःच पाहिला. "आल्या की हो रेघा," म्हणाल्या.

थांबलेले पैसे एप्रिलात एकदम जमा झाले. त्याआधीच, दाखला झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वह्या घेऊन बाहेर पडलो, तर अक्का दारात बसलेल्या. पेन्शनीत भागत नाही म्हणून सुनेच्या नावच्या कामगार-कार्डावर त्या अजून विड्या वळतात. सूप मांडीवर होतं, शेजारी ओल्या फडक्यात पानं, आणि कात्री चालू होती.